उजेडाच्या मधला श्वास

तिलिम्सान,
१४ मार्च १९७९

प्रिय वसीला,

सलाम आणि खूप आठवण. तू, भावोजी आणि बाळ, तिघंही खुशाल असाल. इकडे अल्लाच्या कृपेने सर्व ठीक आहे.

लिहून झाल्यावर वाटलं, ‘सर्व ठीक’ हे खरं नाही. पण खोडलं असतं तर तुला जास्त काळजी वाटली असती, म्हणून राहू दिलं. पत्राची सुरुवात सगळे अशीच करतात.

यम्माचे गुडघे दुखतात, तरी दर गुरुवारी हमामला जाते. मी म्हटलं, ‘डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय ना?’ तर म्हणते, ‘मग काय गुडघे घरी ठेवून जाऊ? शेकायचे तर तेच आहेत.’ परवा तिने बडीशेप घालून कआक केले आणि भट्टीवाल्याने ते करपवले. आख्ख्या गल्लीला त्याचं नाव ऐकू गेलं, आणि आम्ही करपलेलेच कॉफीत बुडवून खातो आहोत.

बाबांचं तसंच आहे. उजवा हात कुणीतरी विसरून गेल्यासारखा उशीवर पडलेला असतो. चेहऱ्याची एक बाजू हलते. बोलणं ‘पाणी’ आणि ‘नाही’ एवढ्यावर आलंय, आणि तिसरा एक शब्द आहे, तो अधूनमधून. समोरच्या खोलीत त्यांचा पाट, आरी, जरीचे गुंडे सगळं होतं तसंच ठेवलंय. अर्धवट शिवलेल्या नवरीच्या सपाता एका बाईने परत मागितल्या. यम्माने दिल्या नाहीत.

बागेतल्या चेरीला कळ्या धरल्या आहेत. शेजारच्या लारबीने मंगळवारी आमच्या पाण्याच्या पाळीत स्वतःचा पाट फोडला. मी जाब विचारायला गेले तर वर तोंड करून म्हणतो, ‘तुमची नूबा पहाटे होती. तुम्ही झोपलात, नूबा गेली. पाणी काय तुमच्यासाठी बसून राहतं?’

त्यावरून मुख्य गोष्ट आठवली. म्हणजे आठवली असं नाही, हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

आपल्या संगीत मंडळाचा वर्धापनदिन मेच्या शेवटच्या शुक्रवारी आहे. त्यासाठी एक पुस्तिका निघतेय आणि अध्यक्ष सी मुख्तार यांनी मला ‘नूबा’ या शब्दावर लेख लिहायला सांगितलंय. मी शाळेत शिकवते म्हणजे मला सगळं येतं अशी त्यांची समजूत. शब्दकोश आणून बसले आहे. अर्थ तर लारबीलाही ठाऊक आहे: ज्याची त्याची वेळ, पाळी. पण तो शब्द कुठून कुठे फिरला ते पाहून मी थक्क झाले. राजवाड्याच्या दारावर ठरल्या वेळी झडायची ती नौबत, तीही नूबाच. किल्ल्यावर पहारा बदलायचा ती नूबा. फ्रेंचांच्या फौजेतल्या आपल्या शिपायांचं वाजंत्रीपथक नूबा, आणि त्यावरून फ्रेंच लोक आता कुठल्याही दारूच्या धिंगाण्याला नूबा म्हणतात! आणि वैद्यांच्या जुन्या पुस्तकांत, एक दिवस सोडून येणारा ताप असतो ना, पाळीचा ताप, त्याची उबळही नूबाच. माणूस बरा झालाय असं वाटतं, उठतो, कामाला लागतो, आणि ठरल्या वेळी तो परत येतो.

गाण्याशी त्याचा संबंध बगदादमध्ये लागला. ती गोष्ट बाबा सांगायचे तीच. खलिफा पडद्यामागे बसायचा, गाणाऱ्यांना तो दिसायचा नाही. पडद्यापाशी एक माणूस उभा असे. तो ज्याचं नाव पुकारील त्याची नूबा. मी लहान असताना विचारलं होतं, ‘ज्यांचं नाव पुकारलं नाही ते काय करायचे?’ बाबा म्हणाले, ‘ऐकायचे. त्यांना पगार ऐकण्याचाच मिळायचा.’ पुढे त्या पाळीत जे गायलं जाई त्यालाच नूबा म्हणू लागले, आणि आंदलुसला पोचेपर्यंत त्याची ही लांबलचक माळ झाली: आधी संथ मसद्दर, मग हळूहळू चाल वाढत शेवटी खलास. दिवसाच्या प्रत्येक तासाला एक अशा चोवीस होत्या म्हणे. आपल्याकडे बारा उरल्या. बाकीच्या कुठे गेल्या ते मी लेखात असं लिहिलंय: ‘उस्तादांनी त्या कुणाला दिल्या नाहीत आणि आपल्याबरोबर मातीत नेल्या.’ हे कडक वाटतं का? सी मुख्तार म्हणाले, खरं आहे, राहू द्या.

आणखी एक गोष्ट मी लिहिली आहे, ती त्यांना फार आवडली. जुन्या मसद्दरमध्ये कधीकधी एखाद्या शब्दाच्या ऐन मध्ये स्वर तोडून क्षणभर शांतता ठेवतात, जणू शब्दाचं उरलेलं अर्धं ऐकणाऱ्याने स्वतःच्या मनात म्हणावं. ही आपल्या घराण्याची खूण असावी, असं मी मांडलंय. तुला काय वाटतं? बाबांनी नूबा या शब्दाबद्दल तुला वेगळं काही सांगितलं असेल तर कळव. तुला त्यांनी पुष्कळ सांगितलंय.

कार्यक्रमात पहाटेची नूबा, माया, वाजवायची ठरली आहे. मसद्दर कोण म्हणणार ते ठरायचं आहे. बाळाची तब्येत नाजूक असल्यामुळे तुला वहरानहून बसने एवढा प्रवास झेपायचा नाही, असं मी सी मुख्तारना सांगून ठेवलंय, उगाच तुझ्यावर भीड नको म्हणून.

रेडिओवर तुझं गाणं लागलं की यम्मा खिडकी उघडून आवाज मोठा करते. बाळाला माझा पापा.

तुझी बहीण,
सत्ती


तिलिम्सान,
२ एप्रिल

प्रिय वसीला,

सलाम. तुझं पत्र शनिवारी मिळालं. यम्माने मोठ्याने वाचायला लावलं, आणि मी वाचत सुटले, त्यामुळे हे तिनेही ऐकलं: ‘सत्तीबाई, हे पत्र होतं की परीक्षेचा पेपर? खलिफा कळला, पडदा कळला, तापसुद्धा कळला. काका कसे आहेत ते चार ओळींत, आणि मी का येऊ शकत नाही त्याची तयार सबब! माझं बाळ नाजूक आहे ही बातमी मला तुझ्याकडूनच कळली. ते सध्या भिंतीचा चुना खरवडून खातंय आणि शेजाऱ्यांच्या मांजराला बडवतंय. बरं, काकांचा तिसरा शब्द कुठला?’

यम्मा हसली नाही. मग म्हणाली, ‘मी कणीक मळते,’ आणि उठून गेली.

तर आधी बाळाबद्दल. ते नाजूक आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. लहान मुलं नाजूकच असतात, असा मी स्वतःपुरता अर्थ लावला होता. तो खोटा होता.

तिसरा शब्द तुझं नाव आहे.

सकाळी डोळे उघडले की ‘वसीला’. दाढीसाठी मी त्यांच्या गालाला साबण लावते तेव्हा ‘वसीला’. लारबी पाण्याबद्दल माफी मागायला अंडी घेऊन आला, त्यालाही ‘वसीला’. तो बिचारा घाबरून मागे बघू लागला. डॉक्टर म्हणतात, अशा आजारात एखादा शब्द जिभेवर अडकून बसतो, त्यात अर्थ शोधू नये. यम्मा तर म्हणते, ‘अगं, मलाही वसीलाच म्हणतात. मी रडते का? आयुष्यभर नुसतं ‘ए’ म्हणून हाक मारली, आता निदान एक नाव तरी मिळालं.’

मला ते जमत नाही. जिभेवर अडकायला एकच नाव उरणार होतं, तर ते तुझंच का, एवढंच मी विचारते. त्यांचे पाय मी चेपते. त्यांना घास मी भरवते. आणि त्यांनी ओठ हलवायला सुरुवात केली की मला आधीच कळतं की आता कोण येणार. मी हसून म्हणते, ‘बाबा, मी सत्ती.’ ते मान हलवतात, म्हणजे हो म्हणतात, आणि पुन्हा तुझं नाव घेतात.

वसीला, मी पाळीच्या तापाबद्दल उगाच लिहिलं नव्हतं. तुझ्या लग्नाच्या पहाटे वाजंत्र्यांनी माया धरली, तू घोडीवर बसलीस, आणि मी मोत्यांच्या माळांखाली तुझा चेहरा शोधत रडत होते, तेव्हा मला वाटलं, गेला तो, उतरला. मग तू पहिल्यांदा रेडिओवर गायलीस आणि तो परत आला. मग बरा झाला. आता रोज आहे.

तुला त्या शुक्रवारच्या दुपारी आठवतात? जेवण झालं की बाबा समोरच्या खोलीत जायचे, खुंटीवरून क्वित्रा काढून तिच्या तारा जुळवायचे आणि हाक मारायचे, ‘वसीला, ये.’ यम्मा पडदा ओढायची. पडद्याच्या अलीकडे मी, शेंगांची परात घेऊन. त्याआधी मला त्यांनी काय शिकवलं नव्हतं? अक्षरं येण्याआधी ताल आला, त्यांच्या गुडघ्यावर माझा हात ठेवून. बारा नूबांची नावं मी दात पडायच्या वयात म्हणायचे. क्वित्रा लावायला मला शिकवलं. सगळं दिलं. पण तो मायाचा मसद्दर, त्यांच्या उस्तादांनी एकाच गळ्यात ठेवायचा म्हणून शपथ घालून दिलेला, तो तुला दिला.

तुझा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी तेव्हाही जाणून होते. पण मला वाटायचं की बापाने आवाज बघू नये. बाकी सगळ्यांनी बघावा.

मी यम्माला एकदाच विचारलं होतं. ती शेंगा निवडत होती, वरही न बघता म्हणाली, ‘तुला बाप आहे. तिला निदान एक मसद्दर असू दे.’ मला पटलं. तू आमच्याकडे आलीस तेव्हा हातात एक बोचकं आणि छातीत दमा, एवढंच होतं. आजोबांच्या आधी तुझे वडील गेले, म्हणून शरियतच्या वाटणीत बागेतलं एक झाडही तुला आलं नाही. हे सगळं न्यायाचं आहे, मी मुलांना वर्गात न्याय शिकवते. पटलं, पण ताप उतरला नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते, नाहीतर हेही पत्र शब्दकोशात जाऊन लपेल.

थंडी संपल्यापासून बाबा सकाळी गुणगुणतात. शब्द नाहीत, नुसता सूर, पण डावा हात गुडघ्यावर ताल देतो आणि तो ताल चुकत नाही. तोच मसद्दर. ‘दिवा विझव, माळ्या, बागेला तिचा उजेड दिसू दे.’ ‘उजेड’पाशी येतात, शब्दाच्या मध्ये थांबतात, आणि पुढचं सापडत नाही. मग पडद्याकडे बघतात आणि तुला हाक मारतात. तेव्हा मात्र ती हाक असते, डॉक्टर काहीही म्हणोत. वाट बघतात. हात ताल देत राहतो, रिकामाच.

पुढचं मला येतं.

कुणालाच माहीत नाही. शेंगा सोलता सोलता मी सगळा उचलला होता, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, प्रत्येक वळण. शब्दाच्या मधल्या शांततेबद्दल मी लेखात लिहिलंय ना, ती तिथलीच आहे. आयुष्यात मी तो मसद्दर कधी मोठ्याने म्हटला नाही. बाबाच सांगायचे, न दिलेलं म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं खाणं. म्हणून रोज सकाळी ते तिथे अडकतात, आणि मी कॉफीचा पेला खाली ठेवते आणि कोंबड्यांना दाणे टाकायला जाते.

मी स्वतःला सांगते की मी नियम पाळते आहे. पण नियम पाळणाऱ्याला इतकं बरं वाटत नाही, वसीला. ते तुला हाक मारतात आणि तू येत नाहीस, याचं मला बरं वाटतं. हे लिहून मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही. तू ती लगेच देशील, आणि मग मला आणखी राग येईल.

सी मुख्तार यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘वसीलाला लिहा. तो मसद्दर तिच्याशिवाय कोण म्हणणार? आणि सीदी गौतींना, तुमच्या बाबांना, तो एकदा शेवटचा ऐकायला मिळेल.’ ‘शेवटचा’ हा शब्द त्यांनी हळू आवाजात उच्चारला, पण उच्चारला. म्हणजे आमंत्रण माझ्याकडे कधीचं पडून आहे. या पत्राला ते आमंत्रण समजावं की नाही ते मला अजून ठरवता येत नाही.

यम्मा तुला दुवा देते. तिने तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं घातलंय, मला न विचारता.

सत्ती


तिलिम्सान,
९ मे

वसीला,

सलाम. तुझं पत्र मी या वेळी कुणाला वाचून दाखवलं नाही. एवढं मोठं पान आणि त्यात एवढंच: ‘चोरलंयस ना? मग वापर. कुजवू नकोस. आणि मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. शेंगा सोलायचा आवाज थांबला की मला कळायचं, ही ऐकतेय. काका एकटे असते तर मी बरी गायले असते. कार्यक्रमाला येऊ की नको ते तूच सांग, मी कुणाच्या घरी आगंतुक म्हणून येत नाही, ते एकदा करून झालंय.’

शेवटच्या वाक्याने मला झोप लागली नाही. त्याबद्दल पत्रात लिहिता येत नाही.

काल सकाळी काय झालं ते सांगते. बाबांना उशीला टेकवून बसवलं होतं, मी कॉफी घेऊन आले. त्यांचं गुणगुणणं सुरूच होतं. ‘उजेड’पाशी आले आणि थांबले. पडद्याकडे बघितलं. मी पेला खाली ठेवला, कोंबड्यांची वाटी उचलली, आणि दारात पोचल्यावर, पाठ त्यांच्याकडे असतानाच, म्हणायला लागले.

मला वाटलं होतं, पुढचं फक्त म्हणावं. पण नुसतं पुढचं येईना, म्हणून मागे जाऊन पूर्ण ओळ धरली. ‘दिवा विझव, माळ्या, बागेला तिचा उजे…’ आणि तिथे थांबले, ती शांतता मी अगदी जपून, सोन्याच्या तारेसारखी ठेवली, आणि मग ‘…ड’ म्हटलं आणि पुढे गेले. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. इतकी वर्षं मनात घोकलेलं होतं ते.

संपल्यावर वळून बघितलं. बाबांचा ताल थांबला होता. तोंडाची हलणारी बाजू वर गेली. ते हसत होते, वसीला! आजारपणानंतर पहिल्यांदा. आणि म्हणाले, ‘वसीला.’

माझ्या हातातली वाटी पडली. खोलीभर दाणे झाले. मला वाटलं, झालं, आता यांना मी दिसतही नाही.

पण त्यांनी मान हलवली. डावा हात उचलून छातीवर ठेवला, आणि तोंड उघडून दम लागल्यासारखं केलं. हाप्. हाप्. आणि पुन्हा, ‘वसीला’. आणि माझ्याकडे बोट केलं, आणि पुन्हा हसले, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

यम्मा पडद्यातून डोकं बाहेर काढून बघत होती. तीच म्हणाली, ‘अगं वेडे, ती जागा त्या मसद्दरमध्ये नाहीच. तिथे वसीलाचा दम तुटायचा.’

मी खालीच बसले, दाण्यांत. इतकी वर्षं मी तुझा दमा पाठ करत होते. चोरून चोरलं काय, तर तुझा खोकला! आणि त्यावर लेख लिहिला! आपल्या घराण्याची खूण म्हणून! सी मुख्तारना दुपारी जाऊन सांगितलं की ते वाक्य काढा, ती चूक आहे. ते इतके हिरमुसले. ‘अहो, सगळ्या लेखात तेवढंच तर मला आवडलं होतं,’ म्हणाले. ‘राहू द्या ना, कुणाला कळणार आहे?’ मी म्हटलं, ‘वसीलाला.’ वाक्य काढलं.

पण सकाळचं अजून संपलं नाही. बाबांनी गुडघ्यावर ताल दिला आणि माझ्याकडे बघून थांबले. म्हणजे म्हण. मी म्हटलं. ‘उजेड’पाशी श्वास घ्यायचा नाही असं ठरवूनही घेतला, कारण ती ओळ मला त्या श्वासाशिवाय येतच नाही. ते म्हणाले, ‘नाही.’ पुन्हा म्हटलं. ‘नाही.’ पुन्हा. ‘नाही.’ यम्मा आतून ओरडली, ‘अहो, पोरीला कॉफी तरी पिऊ द्या, थंड झाली!’ त्यांनी ऐकलं नाही. ऊन पाटावरून जरीच्या गुंड्यांवर आलं, तरी आमचं चालूच. माझ्या शाळेची घंटा लांबून ऐकू आली. मी गेले नाही. मी कधी शाळा चुकवलेली नाही, तुला माहीत आहे.

मधे मी यम्माला विचारलं, ‘वसीलाला त्यांनी हे दुरुस्त करायला का नाही लावलं?’ ती म्हणाली, ‘एकदा लावलं होतं. तुझा बाप तसा कडकच. पण ती निळी पडली. मग म्हणाले, असू दे, तिची छाती आहे ती.’

म्हणजे तुला त्यांनी सोडून दिलं, वसीला. मला सोडेनात. मला आनंद कशाचा झाला असेल तर त्याचा. आणि त्याच वेळी दुःखही त्याचंच, कारण तुझ्या छातीवर त्यांनी जी माया केली ती मला कधी लागली नाही; माझी छाती चांगली आहे.

शेवटी एकदा मी ती ओळ एका दमात म्हटली. ‘उजेड’ अख्खा. त्यांनी डोळे मिटले होते, हात चालू होता, आणि ते ‘नाही’ म्हणाले नाहीत. ओठ हलायला लागले. मी वाट बघितली. खरं सांगते, मी माझ्या नावाची वाट बघितली. मी अजून इतकी लहान आहे.

ते म्हणाले, ‘पाणी.’

मी दिलं.

आज पुन्हा सकाळी बसलो. आज पुढची ओळ. तुझ्या नावाने हाक मारूनच मला बसवलं, आणि मी ‘ओ’ दिली. तो शब्द त्यांच्या जिभेवर राहिला आहे, तर मी तो ओलांडून कुठे जाणार?

म्हणून आता आमंत्रण. मंडळाचं नव्हे, ते छापील येईल. माझं. कार्यक्रम शुक्रवारी २५ मेला आहे, तू त्याच्या आदल्या दिवशीच ये. बाळाला आण, आमच्या भिंतींनाही चुना आहे. येताना दार वाजवू नकोस. या घरात तू आगंतुक म्हणून आली होतीस हे मला कधी खरं वाटलेलं नाही. मला तर नेहमी वाटायचं की पाहुणी मी आहे. चेरी तोवर लाल होतील. लारबी या वेळी पाणी सोडणार आहे म्हणे, अंड्यांची शपथ घेऊन.

मसद्दर तू म्हणायचा. त्यांनी तो तुला दिला आणि ते तुला हाक मारतात, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुझा आवाज अजूनही माझ्यापेक्षा चांगला आहे. हे वाक्य लिहिताना हात जड झाला, तरी लिहिलं. बाबांना आम्ही खुर्चीसकट उचलून पहिल्या रांगेत ठेवू. मी तुझ्या मागे क्वित्रा घेऊन बसेन.

‘उजेड’पाशी तुझा दम तुटेल. तुटला तर ओढून नेऊ नकोस, निळी पडू नकोस. तिथे थांब. तिथपर्यंत तुझी नूबा, तिथून माझी. बाबांना शब्द अख्खा ऐकू जाईल, आणि मधे शांतता राहणार नाही.

पण तुझा दम टिकावा म्हणून मी दुवा मागेन असं समजू नकोस. तेवढी चांगली मी अजून झालेले नाही.

पडद्याच्या अलीकडून, श्वास धरून,
सत्ती